जमीन विकण्याआधी मुलीचा प्रश्न वाचा

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात मुलीच्या बारावीच्या 81 टक्क्यांवर एक ओळ आहे आणि पायलटच्या कोर्ससाठी विकायला काढलेल्या दोन एकरांवर दीड पान. तिचं म्हणणं ताजा कलमात: ‘तिला उंचावरच्या हवेतली खळबळ मोजायची आहे, म्हणजे पायलटच व्हावं लागेल ना?’

नाही. सातबारा कपाटात ठेवा. ‘तुझ्यासाठी जमीन विकली’ हे वाक्य एकदा घरात शिरलं की मुलीला कोर्स नकोसा झाला तरी सोडायची सोय राहत नाही. आणि तिने पायलटचं नावही काढलेलं नाही, ते तुम्ही काढलंत.

संशोधन विमानाचा पायलट आखलेल्या मार्गावर विमान नेतो, मोजणारे वेगळे. विमान हादरलं तेवढी खळबळ, हाही गैरसमजच. त्याच झोताने हलकं विमान जास्त हलतं, जड कमी. म्हणून हवा विमानाच्या नाकावर मोजतात: मधे एक भोक, भोवती चार. वरच्या-खालच्या भोकांतल्या दाबाच्या फरकावरून हवा किती कोनातून येते ते कळतं. त्या हिशोबातून विमानाची स्वतःची हालचाल वेगळी काढली की उरतो वारा. गोम इथेच आहे. सेकंदाला 200 मीटर वेगात कोन 0.1 अंशाने चुकला, तर उभा वारा सेकंदाला 35 सेंटिमीटरने चुकतो. भोकात बर्फ धरला की तेवढी नोंद बाद. कोन बरोबर येतो का ते तपासायला शांत हवेत पायलट मुद्दाम नाक वर-खाली झुलवतो. काढलेल्या वाऱ्यातही तोच झोका दिसला, तर दुरुस्ती अजून बाकी आहे.

अमेरिकेचं गल्फस्ट्रीम-5 हे संशोधन विमान 2006 साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेवर डोंगरलाटा (डोंगरावरून वारा जाताना हवेत उठणाऱ्या लाटा) मोजायला उडालं. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेने 2009 पासून विमानातून मोजमापं केली, पण मुख्यतः ढगांची. उंचावरच्या कामासाठी पुढे परदेशी जावं लागेल, हे आत्ताच मान्य करा.

वाट साधी: भौतिकशास्त्रात बी.एस्सी., जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा, वातावरणशास्त्रात एम.एस्सी., मग पीएच.डी. सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा.

तोवर तिला मोबाइलचं त्वरणमापक (वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर) लिफ्टमध्ये चालू करून नोंदींवरून वेग काढायला सांगा. लिफ्ट थांबल्यावरही आकडा शून्यावर येणार नाही. का, ते तिने शोधावं. तुम्ही सांगू नका.