मूळ कारण आणि ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात गुणवत्ता हमी विभागात काम करतो. आमच्या एका गोळीत कॅपिंगचा, म्हणजे गोळीचा वरचा थर टोपीसारखा सुटून येण्याचा दोष वारंवार उद्भवतो. प्रत्येक वेळी डेव्हिएशन (ठरलेल्या प्रक्रियेपासूनचे विचलन) नोंदवले जाते, पाच वेळा ‘का?’ विचारले जाते, ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असा निष्कर्ष निघतो आणि पुन्हा प्रशिक्षण देऊन प्रकरण बंद होते. पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतो, डिसेंबरपासून मात्र पुन्हा सुरू होतो. आमचे नेमके कुठे चुकते? आणि मूळ कारण सापडलेच नाही, तर अहवालात काय लिहावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य पावसाळ्याविषयीचे आहे, आणि आपल्या चौकशी अहवालांत बहुधा तेच नसावे. ऑपरेटर पावसाळ्यात दक्ष आणि हिवाळ्यात बेफिकीर असतो, असे कोणी म्हणणार नाही. दोष जिथे आला तिथे तो का आला आणि जिथे आला नाही तिथे का आला नाही, या दोन्हींचा उलगडा जे कारण करते, तेच मूळ कारण म्हणून विचारात घेण्याजोगे असते. ‘दुर्लक्ष’ पहिल्याच प्रश्नापाशी कसेबसे टिकते आणि दुसऱ्यापाशी कोसळते.

म्हणून सुरुवात कॉम्प्रेशन मशीनपासून, म्हणजे दाब देऊन गोळ्या बनवणाऱ्या यंत्रापासून करावी, पण ऑपरेटरच्या जबाबापासून नव्हे. दोष दिसत असतानाच प्रत्येक स्टेशनच्या, म्हणजे पंच (दाबणारे दट्टे) आणि डाय (साचा) यांच्या प्रत्येक संचाच्या गोळ्या पंचांच्या क्रमांकाप्रमाणे वेगवेगळ्या गोळा कराव्यात. टोपी सुटलेल्या गोळ्या दोन-तीन ठरावीक स्टेशनांवरच सापडल्या, तर झिजलेले पंच किंवा डायच्या आतल्या भिंतीवर पडलेले कडे यांच्याकडे वळावे. सर्व स्टेशनांवर सारख्याच सापडल्या, तर मुद्दा टूलिंगचा, म्हणजे पंच-डायचा राहत नाही. तो मशीनच्या वेगाचा किंवा ग्रॅन्युल्सचा, म्हणजे ज्यांपासून गोळी दाबली जाते त्या दाण्यांचा असतो. दोष बॅचच्या शेवटी, हॉपर (मशीनला ग्रॅन्युल्स पुरवणारे नरसाळे) रिकामा होत आल्यावर वाढत असेल, तर बारीक भुकटी वेगळी होऊन तिच्यात हवा अडकते आहे का, हे पाहावे. हे काम एका पाळीत उरकते आणि चौकशीची निम्मी दिशा ठरवून देते. तरीही बहुतेक अहवालांत ते नसते, कारण अहवाल मशीनजवळ नव्हे, टेबलावर लिहिला जातो.

आपल्या बाबतीत माझा पहिला संशय वाळवणीवर आहे. बीएमआर (बॅचच्या उत्पादनाची कृती आणि नोंदी असलेला दस्तऐवज) उघडून पाहा : फ्लुइड बेड ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेच्या झोतात वाळवणाऱ्या यंत्रात, ग्रॅन्युल्स ‘अमुक मिनिटे वाळवावेत’ असे लिहिले आहे, की शिल्लक ओलाव्याची कमाल आणि किमान अशा दोन्ही मर्यादा दिल्या आहेत? अनेक जुन्या बीएमआरमध्ये वेळ आणि फक्त कमाल मर्यादा असते. ड्रायरची हवा आर्द्रता न काढताच आत येत असेल, तर हिवाळ्यातील कोरड्या हवेत तेवढ्याच मिनिटांत ग्रॅन्युल्स गरजेपेक्षा जास्त वाळतात, त्यांची एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि दाब सुटताच गोळीची टोपी उडते. ऑपरेटरने यात बीएमआरचे तंतोतंत पालन केलेले असते! मागील दोन वर्षांच्या बॅचेसचा शिल्लक ओलावा आणि कॅपिंगची नोंद महिन्यांनुसार शेजारी-शेजारी मांडली, तर हा संशय खरा की खोटा हे लवकर कळेल. तो खरा ठरल्यास त्याच ऑपरेटरला पुन्हा एसओपी (प्रमाणित कार्यपद्धती) वाचायला लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सुधारणेची परिणामकारकताही डिसेंबर ते मार्चच्या बॅचेसवरच तपासावी. जुलैत तपासून ‘कापा’ (सुधारक आणि प्रतिबंधक कृती) बंद केली, तर ती यशस्वी दिसणारच.

पाच ‘का?’ विचारण्याची पद्धत टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेली आणि ती वाईट नाही. मात्र प्रत्येक उत्तरामागे एखादी नोंद, मोजमाप किंवा चाचणी नसेल, तर ती प्रश्नोत्तरे मशीनच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसापाशीच येऊन थांबतात. युरोपीय संघाच्या जीएमपी (उत्तम उत्पादन पद्धती) मार्गदर्शकाचे पहिले प्रकरण या बाबतीत स्पष्ट आहे : मानवी चूक हे कारण द्यायचे असेल, तर प्रक्रियेतील, कार्यपद्धतीतील किंवा व्यवस्थेतील दोष नजरेआड झालेले नाहीत, याची खातरजमा करून त्याचे समर्थन द्यावे लागते.

कारण किती अनपेक्षित जागी असू शकते, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. २००८ मध्ये अमेरिकेत टायलेनॉल या वेदनाशामकाच्या काही गोळ्यांना कुबट वास येतो, अशा तक्रारी आल्या. या गोळ्या बनवणाऱ्या मॅकनील कंपनीला सूक्ष्मजीवांचा संशय आला. ऑगस्टमधील चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला नाही आणि कंपनीने चौकशी बंद केली. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. पुढे वासाचे मूळ ट्रायब्रोमोॲनिसोल या रसायनात निघाले. पॅकिंगचे साहित्य ज्या लाकडी पॅलेट्सवर वाहून नेले आणि साठवले जात होते, त्यांच्यावर प्रक्रिया करण्यासाठी वापरलेल्या रसायनाच्या विघटनातून ते तयार झाले होते. चौकशी अकाली थांबवल्याबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने १५ जानेवारी २०१० च्या इशारापत्रात कंपनीला धारेवर धरले. एक गृहीतक चुकीचे ठरले, म्हणजे शोध संपला असे नव्हे. एक शक्यता कमी झाली, एवढेच. फिशबोन आकृतीत (संभाव्य कारणे माशाच्या काट्यांसारखी फांद्यांवर मांडणारी आकृती) ‘साहित्य’ या फांदीवर औषधी घटक, स्टार्च आणि मॅग्नेशियम स्टिअरेट लिहून आपण मोकळे होतो; पॅलेटचे लाकूड तिथे कोण लिहितो?

आता आपला दुसरा प्रश्न. मूळ कारण नेहमी सापडतेच असे नाही, आणि वर उल्लेखिलेले युरोपीय मार्गदर्शकही हे मान्य करते. अशा वेळी सर्वाधिक संभाव्य कारण ठरवून त्यावर उपाय करणे अपेक्षित असते. अहवालात ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘संभाव्य’ हा शब्द स्पष्ट लिहावा, कोणत्या शक्यता कोणत्या पुराव्याने बाद केल्या ते नोंदवावे, आणि कोणती माहिती त्या वेळी उपलब्ध नव्हती, उदाहरणार्थ ड्रायरमध्ये येणाऱ्या हवेची आर्द्रता, तेही लिहावे. त्या माहितीची नोंद पुढील बॅचपासून सुरू करणे हीच तेव्हा पहिली कृती ठरते. निरीक्षक अशा अहवालावर प्रश्न विचारतील, हे खरे. पण त्या प्रश्नांना आपल्याजवळ उत्तरे असतील. ‘दुर्लक्ष’ लिहिलेल्या चौथ्या अहवालासाठी ती नसतात.