डोळ्यांचं आरोग्य : तुमचे प्रश्न

प्रश्न : वय 64. देवगडजवळ हापूसची बाग आहे. महिन्यापूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून लेन्स बसवली. समोरचं लख्ख दिसतं, पण उजव्या कानाच्या बाजूला काळी कोर कायम दिसते. रात्री समोरून गाडी आली की दिव्यातून लांब रेघ फुटते. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालंय. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

उत्तर : मनाचे खेळ नाहीत. ऑपरेशन उत्तम होऊनही असं दिसतं. मूळ भिंग 9-10 मिलिमीटर रुंद असतं, तर बसवलेल्या लेन्सचा पाहण्याचा भाग बहुधा 6 मिलिमीटरचा. कानशिलाकडून तिरका येणारा प्रकाश काही लेन्समधून वळून जातो, काही तिच्या कडेबाहेरून निसटतो. मधल्या पट्टीवर प्रकाशच पोचत नाही, तीच ही कोर. रेघेचं कारणही बहुतेकदा लेन्सची कडच. अंधारात बाहुली मोठी होते आणि गाडीचा झोत कडेवर आपटून पसरतो. ही कड मुद्दाम धारदार ठेवतात, म्हणजे लेन्समागची पिशवी, म्हणजे मूळ भिंगाचं मागे ठेवलेलं पातळ आवरण, लवकर धुरकट होत नाही.

घरी एक तपासणी करा. उजेडात समोर बघत उजव्या कानशिलाजवळ तळहात आडवा धरा. कोर फिकी झाली तर ती लेन्सचीच असण्याची शक्यता जास्त. मात्र सावली वाढत चालली असेल, विजेसारखे लखलखाट होत असतील, अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली असेल, तर डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असू शकतो. मग हाताची तपासणी करत बसू नका. त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. जवळपास सोय नसेल तर थेट कोल्हापूर गाठा. डोळा दुखून लाल झाला आणि नजर कमी झाली, तरीही थांबू नका.

लेन्सची कोर बहुतेकांची काही आठवडे ते काही महिन्यांत फिकी होते. तोवर जाड काड्यांचा चष्मा वापरून बघा, बाजूचा प्रकाश अडतो. सहा महिन्यांनंतरही त्रास तसाच राहिला तर लेन्सची जागा बदलणं, वर दुसरी पातळ लेन्स बसवणं किंवा लेन्सच बदलणं असे उपाय आहेत. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : या कोरीसाठी घाईने लेसरने मागची पिशवी उघडू देऊ नका. पिशवी एकदा उघडली की लेन्स बदलणं अवघड होतं, आणि कोर त्याने जाईलच असं नाही.

रेघ पापण्या मिटून उघडल्यावर बदलत असेल तर डोळ्याचा कोरडेपणाही त्यात आहे. डॉक्टरांना विचारून अश्रूंसारखे थेंब घाला. खाऱ्या वाऱ्याने गाडीच्या काचेवर आणि हेल्मेटवर मिठाचा थर बसतो, त्यानेही झोत फुटतो. काच आधी पाण्याने धुवा, मग पुसा. रात्री काळा चष्मा अजिबात नको.

दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेपर्यंत अंतर चुकतं. म्हणून जांभ्याच्या पायऱ्या उतरताना कठडा धरा, झाडावर चढू नका. झेल्याने आंबा काढताना मान वर असते आणि देठाचा चीक थेट डोळ्यात पडतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी बंद असलेला साधा चष्मा लावाच. चीक गेलाच तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दाखवा. डाव्या डोळ्याची तारीख ठरवण्याआधी ही कोर डॉक्टरांना कागदावर काढून दाखवा. दुसरी लेन्स निवडताना आणि बसवताना त्याचा विचार करता येतो.

प्रश्न : हर्णैहून. आईचा एकच डोळा केलाय. त्या डोळ्याने पांढरं लुगडं निळसर दिसतं म्हणते.

उत्तर : वयाबरोबर मूळ भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते निघालं, म्हणून निळा रंग पुरता दिसू लागला. एकेक डोळा झाकून बघायला सांगा, फरक लगेच कळेल. डोळा हळूहळू रुळतो, औषध लागत नाही. बंदरावर दुपारच्या चकाकीत मात्र अतिनील किरण पूर्ण अडवणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी हवी.