सुईची नोंद, बोटाचा ठसा आणि एचआरची फाइल

रुग्णालयांत काम करणाऱ्या वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न त्यांच्या स्वतःच्या माहितीबद्दल आहेत. त्यांतले चार निवडले आहेत.

खासगी रुग्णालयात रुजू होताना आधार, पॅन, पासबुक, नर्सिंग कौन्सिलचं मूळ प्रमाणपत्र आणि एचआयव्हीचा रिपोर्ट मागितला आहे. सगळं द्यावं लागतं का? – स्टाफ नर्स, नाशिक

एचआयव्हीचा रिपोर्ट देऊ नका. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा 2017 चा आहे आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरीची अट म्हणून ही चाचणी मागायला त्यात मनाई आहे. हिपॅटायटिस बीच्या लशीची नोंद मात्र द्यावी. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार कर्मचाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, त्यामुळे त्यांना तारखा लागतातच. डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी घ्यायचे असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासतात. ती 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त असली की संरक्षण आहे असं धरतात.

पॅन करकपातीसाठी, पासबुक पगारासाठी आणि आधार भविष्यनिर्वाह निधीच्या (पीएफच्या) यूएएन या खाते क्रमांकाला जोडण्यासाठी लागतं. इतर कामांना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरतं. झेरॉक्सवर छपाईच्या आडवं, अक्षरांना छेदून ‘फक्त पीएफ नोंदणीसाठी’ असं लिहा आणि तारीख टाका. कोपऱ्यात लिहिलेलं सहज कापता येतं. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवलंत, तर ते त्याच्या संगणकावर पडून राहतं. त्यामुळे शक्यतो कागदच घेऊन जा.

मूळ प्रमाणपत्र समोर दाखवा, पडताळणी झाली की परत घ्या. ‘बाँड संपेपर्यंत आमच्याकडे राहील’ असं कुणी म्हणालं, तर ते तुम्हाला अडकवून ठेवणं आहे. नोंदणी खरी आहे का, हे रुग्णालयाला कौन्सिलकडून तपासता येतं.

माझ्या सहकाऱ्याला सुई टोचली. दुसऱ्या दिवशी त्याचा रक्ताचा रिपोर्ट सगळ्या वॉर्डला माहीत होता. नोंद कशी ठेवावी? – लॅब टेक्निशियन, सोलापूर

आधी उपचार. जखम साबण आणि पाण्याने धुवा. ती दाबू नका, बोट तोंडात घालू नका. एचआयव्हीचा धोका असेल, तर औषधाचा पहिला डोस शक्यतो 2 तासांत घ्यावा. 72 तासांनंतर सुरू करण्यात अर्थ उरत नाही. औषध 28 दिवस चालतं. म्हणून ‘नाव बाहेर फुटेल’ या भीतीने कुणी गप्प बसलं, तर गोपनीयतेतली गफलत थेट उपचारावर येते.

आता नोंद. ती दोन कागदांवर ठेवायची. पहिला घटनेचा: तारीख, वेळ, जागा, सुई पोकळ होती की भरीव, हातमोजे होते का, जखम किती खोल. यावर नाव नको. हा संसर्ग नियंत्रण समितीकडे जातो आणि कोणत्या वॉर्डात वारंवार टोचतं हे त्यावरून कळतं. दुसरा आरोग्याचा: नाव, पहिली चाचणी आणि नंतरच्या तपासण्या. तो कर्मचारी आरोग्य पाहणाऱ्या डॉक्टरांच्या कपाटात, कुलपात. एचआरकडे ‘कामास योग्य’ किंवा ‘इतक्या दिवसांची रजा’ एवढीच चिठ्ठी जावी.

रिपोर्ट फुटतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधून. कर्मचाऱ्याचा नमुना आपल्याच लॅबमध्ये जातो, साध्या रुग्णासारखा यूएचआयडी (रुग्णालयाचा रुग्ण क्रमांक) तयार होतो आणि लॉगिन असलेला कुणीही नावाने शोधून रिपोर्ट उघडतो. वॉर्डच्या प्रिंटरवर छापील प्रतही येऊन पडते. उपाय साधा आहे. नमुन्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घाला, नाव-क्रमांकाची यादी एकाच माणसाकडे ठेवा, अशा रिपोर्टवर ‘मर्यादित प्रवेश’ लावून घ्या आणि कुणी उघडला याची सॉफ्टवेअरमधली नोंद (लॉग) महिन्याला पाहा. एचआयव्ही कायदा अशा नोंदींच्या संरक्षणाची जबाबदारी त्या ठेवणाऱ्या संस्थेवरच टाकतो.

हजेरीला बोटाचा ठसा देतो. तो जातो कुठे? शिवाय सॅनिटायझरमुळे मशीन बोट घेतच नाही, पगार कापतात. – वॉर्डबॉय, पुणे

मशीन दोन प्रकारची. आधारवर चालणाऱ्या हजेरीत ठसा पडताळणीसाठी आधार यंत्रणेकडे जातो आणि ‘जुळला’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर परत येतं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना 1 मे 2025 पासून चेहऱ्यावरून आधार हजेरी लागू झाली, तिचंही तत्त्व हेच. बाजारातून घेतलेल्या साध्या मशीनमध्ये मात्र ठशावरून बनवलेला साचा मशीनच्याच मेमरीत आणि एचआरच्या संगणकात राहतो. अनेक ठिकाणी मशीनचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो. पेनड्राइव्ह लावला की सगळा डेटा बाहेर. नोकरी सोडताना आपला साचा सॉफ्टवेअरमधून आणि मशीनमधून, दोन्हीकडून काढायला सांगा. बहुतेकदा एकच पुसतात.

वारंवार हात धुऊन कातडी कोरडी पडते, रेघा झिजतात. दोन्ही हातांची वेगवेगळी बोटं नोंदवून घ्या. तरीही जमत नसेल, तर कार्ड किंवा पिन लेखी मागा. यंत्र नापास झालं म्हणून कर्मचारी गैरहजर ठरत नाही, असा अर्ज नोंदवून ठेवला की पगाराच्या वेळी दाखवायला कागद हाती असतो.

आमचं 25 खाटांचं नर्सिंग होम आहे. डेटा संरक्षण कायद्यासाठी आत्ताच काय करावं? – डॉक्टर, अहिल्यानगर

कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 चे. मालकावरच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. तोवर 2011 चे माहिती तंत्रज्ञान नियम चालू आहेत. त्यांत आरोग्यविषयक माहिती, बायोमेट्रिक आणि बँक तपशील संवेदनशील धरले आहेत, त्यांना लेखी संमती लागते, आणि कर्मचाऱ्याला आपली माहिती पाहता व दुरुस्त करता येते. हे नियम खासगी संस्थांसाठी आहेत. नव्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची सवलत आहे, पण सुरक्षेची जबाबदारी सुटत नाही. ती न पाळल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

एक दिवस बसून तक्ता करा: कोणती माहिती, कशासाठी, कुठे, कोण पाहतं, कधी पुसणार. ‘कशासाठी’ रिकामं राहिलं, तर ती माहिती घेणं थांबवा. पगाराची एक्सेल फाइल रिसेप्शनच्या सामायिक संगणकावरून हलवा. ड्युटी रोस्टरवर सिस्टरांचे मोबाइल नंबर छापून नोटीस बोर्डवर लावणं बंद करा. नातेवाईक फोटो काढून रात्री-अपरात्री फोन करतात. सायबर हल्ला झाल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला 6 तासांत कळवावं लागतं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा कामकाज कित्येक दिवस कागदावर चाललं. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवा. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन शेवटच्या ड्युटीच्या दिवशीच बंद करा, कारण पुढच्या महिन्याचा पगार काढेपर्यंत ते कुणाच्याच लक्षात येत नाही.