उन्हाळ्याच्या तोंडावर परसबागेत काय लावावे?

प्रश्न : शिमग्याच्या सुमारास परसात टाकलेली मेथी-कोथिंबीर वीतभरही न वाढता फुलावर येते, आणि दोडक्याच्या वेलावर फुले भरपूर असूनही फळ धरत नाही. विहिरीला पाणी बेताचेच आहे. अशा वेळी काय लावावे?

उत्तर : मेथी आणि कोथिंबीर ही मुळात थंडीत खुलणारी पिके असल्यामुळे दिवस मोठा होऊन ऊन तापू लागले की ती पाला वाढवण्याऐवजी फुलोऱ्याकडे वळतात, यात आपल्या बियाण्याचा किंवा मेहनतीचा दोष नाही. कोथिंबीर हवीच असेल, तर धने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर पाण्यात भिजवावेत आणि दुपारची सावली मिळणाऱ्या वाफ्यात पेरावेत. रोजच्या पालेभाजीसाठी मात्र माठ आणि राजगिरा यांवरच भर द्यावा, कारण त्यांना ऊन मानवते आणि पेरणीनंतर साधारण महिनाभरात भाजी हाती येते.

भेंडी आणि गवार मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत टोकून घ्यावीत. भेंडीचे बी रात्रभर भिजवून दोन ओळींत 30 आणि दोन झाडांत 15 सेंमी अंतर ठेवावे. पाने शिरांपासून पिवळी पडू लागली, तर तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा केवडा रोग समजावा आणि ते झाड लगेच उपटून नष्ट करावे. एका झाडाचा मोह धरला तर सारा वाफा जातो. भेंडीचा परभणी क्रांती हा वाण तयार करताना या रोगाला तोंड देण्याचाच विचार झालेला आहे. गवारीसाठी पुसा नवबहार हा वाण चांगला.

आता दोडक्याविषयी. वेलावर आधी नर फुलेच येतात, आणि कडक उन्हात किंवा नत्राचा मारा जास्त झाल्यास त्यांचे प्रमाण आणखी वाढते, म्हणून युरियाचा हात आखडता घ्यावा. ज्या फुलाच्या मागे इवलासा दोडका दिसतो ते मादी फूल. दोडक्याची फुले सकाळी नव्हे, तर संध्याकाळी उमलतात. त्यामुळे मधमाश्या कमी असलेल्या परसात परागीभवन अडते. दिवेलागणीला ताजे नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावे. दुधीची फुलेही संध्याकाळीच उमलतात, तेव्हा त्यालाही हाच उपाय लागू पडतो. काकडी आणि कारल्यासाठी मात्र सकाळची वेळ साधावी.

पाणी थोडे असल्याने वाफ्यांवर उसाचे पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा तीन-चार बोटे जाड पसरावा आणि पाणी संध्याकाळी, बुंध्याशी द्यावे. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी आळू, केळी आणि शेवग्याकडे वळवावे. मावा, तुडतुडे दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा : 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, एकूण द्रावण 1 लिटर करावे.