टॅक्सचा मेसेज आला की पोटात गोळा येतो? एक केस सांगते

"मॅडम, कामं भरपूर आहेत, पैसेही येतात, पण टॅक्सचं नाव काढलं की धडधडतं आणि मी विषयच टाळते." माझ्याकडे समुपदेशनाला आलेलं कुणीतरी दर उन्हाळ्यात हे माझ्यासमोर बसून बोलतंच, म्हणून ही केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

जून २०२४. नाशिकचीच एकतिशीची मुलगी, नोकरी सोडून इंटिरिअरची कामं स्वतःची घ्यायला लागून दोन वर्षं झालेली. झोप लागत नाही म्हणून आली. बोलता बोलता कळलं की इन्कम टॅक्सचा मेसेज आला की ही न वाचताच डिलीट करते, आधीच्या वर्षाचं रिटर्न भरलंच नाही, यंदाचंही तसंच राहणार, आणि घरी आईला यातलं काही माहीत नाही. "नोटीस घरी आली तर आईला काय सांगू" हे तासाभरात तीनदा बोलली.

पुढच्या वेळी बिलं घेऊन ये म्हटलं. साडीच्या दुकानाची पिशवी गच्च भरून आणली. पहिलीच पावती हातात आली ती हार्डवेअरच्या दुकानातली, शाई पार उडालेली, नुसता कोरा कागद. ती रडायलाच लागली. मी काही बोलले नाही, रडू दिलं, मग दोघींनी खाली बसून तीन ढीग लावले, कामाचे, घरचे आणि कळत नाहीत असे. त्या दिवशी बेरीज मुद्दामच केली नाही.

मी काही सीए नाही, पुढचं त्यांच्याकडेच. पण "ते ओरडतील" ही भीती होती, म्हणून तिथे काय बोलायचं ते आधी माझ्यासमोर दोनदा बोलून घेतलं. कुणी ओरडलं नाही. पोर्टलवर २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता, उघडलं तर एका बिल्डरने ४ लाखांवर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) भरलेला, म्हणजे ४० हजार हिच्याच नावावर पडून! वर्षाची जमा ९ लाख, इंटिरिअरवाल्यांना तेव्हाच्या ४४एडीए या कलमाखाली त्यातलं निम्मं उत्पन्न म्हणून दाखवता येत होतं, म्हणजे साडेचार लाख, आणि नव्या कर पद्धतीत तेव्हा ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट, म्हणजे टॅक्समध्ये पूर्ण सूट होती, त्यामुळे टॅक्स शून्य. ३१ जुलैच्या आत रिटर्न गेलं, पैसे परत आले. आधीच्या वर्षाचे १२ हजार मात्र अडकले, त्या रिटर्नची शेवटची मुदत डिसेंबरातच संपली होती आणि मुदतीनंतर भरायच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. मला आजही याची हळहळ वाटते, इतकी कष्टाळू पोर, निव्वळ घाबरून स्वतःचे पैसे घालवून बसली.

तुमचंही असंच होत असेल तर एकदम सगळं करायला जाऊ नका. एक वार ठरवा, तिचा गुरुवार होता, आणि त्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढायचा, धंद्याचं खातं वेगळं ठेवायचं, आणि जमा २० लाखांच्या जवळ जायला लागली की जीएसटीचं सीएंना विचारायचं. पहिल्या गुरुवारी नुसती पिशवी उघडली तरी माझ्या दृष्टीने पुष्कळ झालं.

पुढच्या मार्चमध्ये तिचा फोन आला. "मॅडम, मेसेज आला होता, उघडून वाचला. १५ तारखेच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सची आठवण होती फक्त."