काटा, फरशी आणि सोमवारची सकाळ

सकाळी सहा चाळीसला व्हॉट्सअपवर फोटो. जोडवी घातलेली दोन पावलं, मधे लाल आकडे, 78.6. खाली मेसेज, "मॅडम, रात्री एकच भाकरी खाल्ली तरी सातशे ग्रॅम वाढलंय, कसं काय ओ?" दुपारी परत फोटो, 79.1. रात्री साडेदहाला 79.4 आणि सोबत रडका चेहरा.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी छोटीशी खोली आहे, वजन आणि खाणं याच्या भानगडीत अडकलेल्या लोकांशी बोलणं हे माझं काम. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला नाहीतर दुसरा प्रश्न हाच असतो, वजन नेमकं किती वेळा करायचं? रोज, आठवड्याला का महिन्याला? आधी मी एका दमात "आठवड्यातून एकदा" असं सांगून मोकळी व्हायचे, पण हे फोटो पाठवणाऱ्या बाईंनी माझं ते ठरलेलं उत्तर मोडून काढलं म्हणून त्यांची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आपण त्यांना वहिनी म्हणू.

वहिनी शिवाजी पेठेतल्या, वय 43, घरी सासरे, नवरा, कॉलेजातली मुलगी. एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) 6.1 आलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की ही डायबेटीसच्या उंबरठ्यावरची शुगर आहे, पाच-सात टक्के वजन उतरवा, रोज चाला. म्हणजे 78 किलोतले चार ते साडेपाच किलो. बाईंनी त्याच संध्याकाळी काटा विकत आणला आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसात पाच-सहा वेळा त्यावर चढायला लागल्या. उठल्यावर, चहानंतर, आंघोळीनंतर, रंकाळ्याला फिरून आल्यावर, झोपताना. आकडे लिहायच्या कुठे, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी. पहिल्या भेटीला ते कॅलेंडरच गुंडाळून घेऊन आल्या होत्या. एका चौकोनात "दूध खाडा", त्याच्याखाली बारीक अक्षरात 78.2, 78.9, 78.4, 79.3, आणि शेवटच्या आकड्याला पेनानं इतकं गोल-गोल केलेलं की कागद फाटलेला.

मला आकड्यांपेक्षा त्या फाटलेल्या कागदाची काळजी वाटली.

त्यांना विचारलं की आकडा वाढलेला दिसला की पुढं काय करता. म्हणाल्या, "मग मी नाश्ताच करत नाही. दुपारी पण नुसतं ताक पितो." (आमच्याकडच्या बायका मी जातो, मी खातो असंच बोलतात, बाहेरगावच्यांनी दचकू नये.) आणि संध्याकाळी? थोडा वेळ गप्प. मग, "संध्याकाळी हात थांबत नाही ओ. चिवड्याचा डबा उघडला की तळ दिसस्तोवर." आणि आकडा उतरलेला दिसला तर? "तर मग काय, उतरलंय म्हटल्यावर एखादी मिसळ चालते की." म्हणजे वर गेला तरी खाणं बिघडणार आणि खाली आला तरी बिघडणार, काट्याची दोन्हीकडून चांदी.

सगळ्यात वाईट दिवस सोमवार. रविवारी घरात मटण, तांबडा-पांढरा, भात, आणि सोमवारी सकाळी काटा सव्वा-दीड किलो वर. एका सोमवारी 1.4 किलो वाढ होती आणि त्या दिवशी बाई रात्रीपर्यंत उपाशी. आम्ही कागदावर हिशोबच मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7700 कॅलरी. 1.4 किलो चरबी एका रात्रीत चढायला रोजच्या गरजेच्या वर 10,780 कॅलरी पोटात जायला पाहिजेत. मी म्हटलं, वहिनी, अख्खं पातेलं तुम्ही एकट्यानं संपवलं असतं तरी एवढं जमत नाही. मग वाढलं काय? पाणी. रश्श्यातलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. भात-भाकरीतून आलेली साखर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. वर आतड्यात पडून असलेलं जेवण, त्याचंही वजन असतंच की. दिवसभरात किलो-दोन किलो इकडंतिकडं होणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे, गुन्हा नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात काही जणींचा काटा तर काहीही न खाताच वर जातो.

उलटंही तेवढंच खोटं बरं का. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचं वजन आठशे ग्रॅम कमी आलं होतं आणि त्यांनी ते मिसळ खाऊन साजरं केलं होतं. पोट रिकामं झालं होतं एवढंच. चौकाचौकात "पहिल्या आठवड्यात तीन किलो कमी" असे फ्लेक्स लागलेले असतात ना, त्या तीन किलोतलंही बरंचसं हेच पाणी असतं, दोन दिवस नीट जेवलं की घरी परत.

मी लिटरची पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि काट्यावर उभं केलं. किलोभर वाढ. मग अर्धी बाटली प्यायला लावली आणि बाटली बाजूला ठेवली. अर्धा किलो वाढ. "आता सांगा, एवढ्यात चरबी चढली?" हसल्या. पण पटलं नव्हतं, हसण्यावरनं कळतं.

पटवलं ते त्यांच्या सासऱ्यांनी. पुढच्या वेळी त्यांना सोबत घेऊन आल्या, म्हातारबा जुने पैलवान, कान मोडलेले, खुर्चीत मावत नव्हते. आमचं बोलणं ऐकत बसलेले, मधेच म्हणाले, "अगं सूनबाई, आम्ही वजनी गटात बसायला दोन दिवस पाण्याला शिवायचो न्हाई, अंगात स्वेटर घालून पळायचो, घाम काढून दोन-अडीच किलो उतरवायचो. वजन झालं की दूध-केळी, सांजच्याला परत हाय तेवढं. ती काय चरबी उतरली व्हय? पाणी ते, पाणी!" माझं अर्ध्या तासाचं लेक्चर एकीकडं आणि हे चार वाक्यं एकीकडं. (ते घाम काढायचं प्रकरण कुणी करून बघू नका, जिवावर बेततं, पैलवानांच्याही बेतलंय.)

आता माझी चूक सांगते. मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, बाकी दिवस काट्याला हात नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. झालं असं की वहिनींनी त्याची परीक्षा करून टाकली. शुक्रवारपासून जेवण कमी, शनिवारी जवळजवळ उपास, रविवारी सकाळी सात वाजता काटा, आठ वाजता मटणाची पिशवी घेऊन नवरा बाजारात. रविवारचा आकडा छान यायचा आणि बाकीचे सहा दिवस हवेत. महिनाभर असं चाललं आणि चालू राहिलं असतं, पण त्यांची मुलगी एक दिवस फोन करून म्हणाली की आई शनिवारी चक्कर येऊन बसली होती.

मग दुसरा प्रयोग. तीन आठवडे काटाच नको. नवऱ्यानं तो माळ्यावर टाकला. चौथ्या दिवशी बाई स्टूल लावून माळ्यावर. ते त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि त्याहून मजेशीर एक गोष्ट सांगितली जी इतके दिवस लपवली होती. त्यांचं घर जुनं, खाली शहाबादी फरशी, उंचसखल. काटा घरभर फिरवून त्यांनी एक जागा शोधून काढली होती, देव्हाऱ्याच्या बाजूची, तिथं वजन सहाशे ग्रॅम कमी दाखवतं! मन फारच खट्टू असलं की तिथं करायच्या. आम्ही दोघी डोळ्यात पाणी येईपर्यंत हसलो. डिजिटल काट्याच्या चार पायांत वजन मोजायचे सेन्सर असतात, एक पाय फरशीच्या सांध्यात अधांतरी राहिला की आकडा गेलाच, त्यात देवाची काही कृपा नाही. पण ते हसणं झालं आणि मला वाटतं तिथंच त्या आकड्याचा धाक जरा उतरला.

तिसऱ्यांदा मी उलटीकडनं गेले. म्हटलं रोज करा वजन. पण एकदाच. उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या गाऊनवर, दारातल्या सपाट टाइलवर, दोन्ही पाय टेकून स्वस्थ उभं राहून. आकडा मुलीच्या मोबाइलमध्ये टाकायचा आणि विसरायचं, कॅलेंडरवर लिहायचा नाही. रविवारी मुलगी सात दिवसांची सरासरी काढून तेवढा एकच आकडा आईला सांगणार. पाळीच्या तारखेला टिंब. आणि एक नियम काट्याचा नव्हे, ताटाचा: आकडा काहीही येवो, नाश्ता व्हायलाच पाहिजे.

रोज वजन करणं वाईटच असं जे सरसकट सांगितलं जातं ते मला आता पटत नाही. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालवतात, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री, तिच्यात किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची नोंद असते, आणि त्यातले सुमारे 75 टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. नजर ठेवल्यानं वजन टिकतं की वजन टिकलेल्यांनाच काट्यावर चढायची भीती नसते, हे नुसत्या त्या आकड्यावरनं सांगता येत नाही, पण काटा म्हणजे विष नाही एवढं नक्की. वहिनींच्या बाबतीत रोजच्या आकड्यानं काम केलं कारण रोज बघितल्यावर त्यांना चढउताराची चाल दिसली. सोमवार वर, बुधवार-गुरुवारपर्यंत खाली, पाळीच्या आधी परत वर. सहाव्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, "रविवारचं पाणी आहे, बुधवारपर्यंत जातंय." फोटो नव्हता.

तिसऱ्या महिन्यात सरासरी पाच आठवडे 75.8 ला चिकटून बसली आणि जुना घोर परत सुरू झाला. तेव्हा मी त्यांना आपल्याकडचाच एक अभ्यास सांगितला, 2006 साली प्रसिद्ध झालेला इंडियन डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम. तुमच्यासारखीच उंबरठ्यावरची शुगर असलेली माणसं, खाणं सुधारलं, चालायला लावलं, तर डायबेटीस होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि गंमत म्हणजे वजनात म्हणावा असा फरक पडलाच नव्हता. म्हणजे काट्याला दिसत नाही असंही आत काहीतरी चालू असतं. टेप लावली तर कंबर 94 सेंटिमीटरची 90 झाली होती (बायकांची 80 च्या आत असावी असं आपल्याकडं धरतात, तर अजून वाट लांब होती). पण त्यांना टेपपेक्षा ब्लाउज जास्त पटला, शिंपिणीनं आपणहून विचारलं होतं की उसवू नको ना या वेळी?

पाच महिन्यांनी सरासरी 74.1, एचबीए1सी 5.8. फार ग्रेट आकडे नाहीत हे, जाहिरातीत तर मुळीच लावता येणार नाहीत. मटण रविवारी अजून होतंय, भात एका वाटीवर आलाय.

हेच सगळ्यांना चालेल का? नाही. त्याच सुमारास होस्टेलवरची एक मुलगी यायची, जेवण झालं की काटा आणि काट्यावरून थेट बाथरूम. तिला मी रोजही नाही, आठवड्यालाही नाही, अजिबातच नाही असं सांगितलं, आणि पहिल्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिचं वजन तिथं डॉक्टर बघतात, ती आकड्याकडे पाठ करून उभी राहते. आणि एक रिटायर्ड काका आहेत, हार्ट फेल्युअरचे पेशंट, त्यांना डॉक्टरांनीच रोज वजन करायला सांगितलंय, दोन-तीन दिवसात दोन किलो चढलं तर अंगात पाणी साठतंय समजून लगेच फोन. त्यांनी माझं ऐकून काटा माळ्यावर टाकला तर अनर्थ होईल. तसंच काही न करता वजन भराभर उतरत असेल तर खूश होण्याआधी डॉक्टर गाठा. म्हणून आता मी नव्या माणसाला किती वेळा ते सांगायच्या आधी एवढंच विचारते की काट्यावरून उतरल्यावर पुढच्या दोन तासात तुम्ही काय करता. कामाला लागत असाल तर रोज करा, जेवण टाळत असाल तर अंतर वाढवा, जीव घाबरत असेल तर माझ्याशी बोला आधी.

वहिनींचा फोन मागच्या महिन्यात आला होता, तावातावानं. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दी काढलेली, घरच्या काट्यावर मोजली तर अकरा किलो, आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर नऊच. दारात भांडण. मी विचारलं, वहिनी, घरचा काटा ठेवला होता कुठं?

"देव्हाऱ्यापाशी न्हाई ओ मॅडम, दारातल्या टाइलवरच ठेवला होता!"