गाडीच्या आतील सफाईसाठी आधी वाफेचे यंत्र घ्यावे की पाणी ओढणारे?

आपण विचारले आहे, की फोंड्याला राहत्या घरूनच गाड्या आतून साफ करून देण्याचे काम सुरू करायचे आहे, गिऱ्हाईक मुख्यतः भाड्याने गाड्या देणारे आणि आसपासची कुटुंबे असतील, पैसे तूर्त एकाच यंत्रापुरते आहेत, आणि विक्रेता वाफेचे यंत्र सुचवत असताना एक मित्र मात्र एक्स्ट्रॅक्टरच, म्हणजे पाणी ओढणारे यंत्रच, घ्या म्हणतो. तर ऐकावे कोणाचे? मी बार्देशात हेच काम करतो आणि माझे मत मित्राच्या बाजूने आहे. गोव्याच्या हवेत गाडीच्या आत पाणी किंवा उष्णता घालणे सोपे आहे, घातलेले पाणी बाहेर काढणे अवघड आहे, आणि म्हणून पहिला पैसा ओढण्याच्या शक्तीवर खर्च व्हावा.

वाफ मळ सैल करते, तेलकट थर पातळ करते, पृष्ठभागावरील जंतू व बुरशी मारते. पण यांपैकी काहीही ती उचलून नेत नाही. प्लॅस्टिकवर किंवा दरवाजाच्या कडांवर सैल झालेला मळ आपण कापडाने पुसून घेतो, तेथे वाफेला तोड नाही. एसीच्या जाळ्या, सीटचे रूळ, गिअरभोवतीच्या फटी, कपाच्या खळग्यात सुकलेले सरबत ही तिची खरी कामे. कापडी सीट आणि कार्पेट यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या खाली स्पंज आणि नमद्यासारखा जाड थर असतो, आणि वाफ तेथे जाऊन थंड होताच तिचे पाणी होते. मग मेलेली बुरशी, सैल झालेला मळ आणि नवा ओलावा असे तिन्ही आतच राहतात. ओली राहिलेली जागा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली नाही, तर बुरशी पुन्हा धरू लागते, आणि जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे ती आपोआप वाळण्याची आशा कोणी करू नये. त्यातून भाड्याची गाडी सकाळी परत येते आणि दुपारी दुसऱ्या पर्यटकाच्या हाती जाते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या, गाड्यांचे काम आपल्याला मिळणार असेल, तर गाडी किती लवकर कोरडी होते यावरच आपले गिऱ्हाईक टिकेल.

विक्रेते वाफेच्या यंत्राबद्दल बोलताना ‘बार’चा आकडा पुढे करतात. चार बार दाबावर बॉयलरमधील वाफ सुमारे १५० अंश सेल्सिअस असते, सहा बारला सुमारे १६५. पण नळीच्या तोंडातून बाहेर पडताच ती पसरते आणि काही सेंटिमीटरवर जेमतेम शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. म्हणून दाबाच्या आकड्यापेक्षा हीटर किती वॅटचा आहे, हे विचारावे. त्याचा हिशेब सोपा आहे. नळाचे एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करण्यास साधारण २,५७० किलोज्यूल उष्णता लागते, त्यामुळे १,५०० वॅटचे यंत्र दर मिनिटाला फार तर ३५ ग्रॅम वाफ सतत देऊ शकते, २,००० वॅटचे सुमारे ४६ ग्रॅम. याहून मोठा आकडा पेटीवर छापलेला असेल, तर तो बॉयलरमध्ये आधीच साठलेल्या वाफेचा, म्हणजे पहिल्या काही क्षणांचा आहे असे समजावे. हातात धरायची हजार वॅटची छोटी यंत्रे मिनिटाला तेवीस ग्रॅमच्या वर जात नाहीत. घरच्या एका गाडीला ती पुरतील, धंद्याला नाही.

दुसरी अडचण विजेची. २,००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर घेते, तेव्हा सहा अँपिअरचा साधा प्लग बाद होतो. गिऱ्हाइकाच्या दारी मोठा पॉवर प्लग मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्यावे. एक्स्टेंशनची वायर अडीच चौरस मिलिमीटरची असावी आणि पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. ओल्या जागी काम असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) ही मी चैन मानत नाही. शिवाय हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: दाब २०० व्होल्टवर उतरला, तर २,००० वॅटचा हीटर सुमारे दीड हजार वॅटचाच राहतो. संध्याकाळी दिवे मंद होणाऱ्या वाड्यांवर वाफ क्षीण का येते, याचे कारण बहुधा यंत्रात नसून तारेत असते.

आता पाणी ओढणाऱ्या यंत्राकडे वळू. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे एक पंप जो साबणाचे पाणी कापडावर फवारतो, आणि एक मोटर जी तेच पाणी मळासकट परत ओढून वेगळ्या टाकीत घेते. येथे मोटरच्या वॅटवरून काहीच कळत नाही; दोन आकडे पाहावेत. एक म्हणजे पाणी उचलण्याची शक्ती, जी मिलिबार, किलोपास्कल किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेली असते (एक किलोपास्कल म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर), आणि दुसरा हवेचा प्रवाह, लिटर प्रति सेकंदात. व्यावसायिक यंत्रांत वीस-बावीस किलोपास्कलच्या आसपासचा आकडा सामान्यतः दिसतो. आकड्यांइतकेच महत्त्व सीटवर फिरवायच्या तोंडाला आहे: ते सुमारे दहा सेंटिमीटर रुंद, कापडाला सपाट टेकणारे आणि पारदर्शक असावे. आतून जाणारे पाणी दिसते म्हणून आपल्याला कळते, की मळ अजून येतो आहे की थांबावे. फवारत एकदा ओढून घ्यावे आणि मग फवारा बंद ठेवून तीच जागा दोन-तीनदा, तोंडातून थेंब दिसेनासा होईपर्यंत कोरडी ओढावी. नवखा माणूस या कोरड्या फेऱ्यांत घाई करतो, आणि वास तेथूनच सुरू होतो.

परंतु आपल्याकडे पैसे एकाच यंत्राचे आहेत आणि शुद्ध एक्स्ट्रॅक्टर बहुधा कोरडा कचरा ओढण्यासाठी बनवलेला नसतो. कळंगुट किंवा कोलव्याहून आलेल्या गाडीत रेती असतेच, इतर वेळी तांबडी माती असते. दोन्ही कोरड्या असतानाच काढाव्या लागतात, कारण पाणी पडले की रेती कार्पेटच्या मुळाशी बसते आणि मातीचा गिलावा होतो. म्हणून आपल्यासाठी माझी शिफारस अशी, की कोरडे, ओले आणि फवारा असे तिन्ही करणारे व्हॅक्यूम घ्यावे. तेही महाग वाटल्यास चांगल्या मोटरचे ओले-कोरडे व्हॅक्यूम, त्याला बसणारे पारदर्शक एक्स्ट्रॅक्शनचे तोंड आणि दोन लिटरचा हातपंपाचा फवारा एवढ्यावर सुरुवात करावी. काम थोडे सावकाश होते, परिणामात मात्र फारसा फरक पडत नाही. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिचा फेस टाकीतून मोटरपर्यंत चढतो आणि कापडात राहिलेला साबण पुढे धूळ धरतो. कमी फेसाचा, कार्पेटसाठीचा द्रवच घ्यावा.

आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांतील डाग पाहता वाफ कित्येकदा उलट नडते. बाजारातून आणलेल्या मासळीचे पाणी डिकीत सांडणे ही येथली नित्याची तक्रार. ते प्रथिनयुक्त पाणी आहे. त्यावर वाफ मारली, तर ते शिजून धाग्यांत घट्ट बसते आणि वास गाडीभर पसरतो. ते थंड पाण्याने सैल करून ओढावे, मग एन्झाइमचा द्रव सांगितलेल्या वेळेपुरता ठेवून पुन्हा ओढावे. माशांचा वास ज्या ट्रायमिथाइलअमाइनमुळे येतो ते अल्कधर्मी असल्यामुळे शेवटी पाण्यात मिसळलेला थोडा व्हिनेगरही उपयोगी पडतो. दूध, रक्त आणि उलटी यांनाही हाच नियम. हळदीचा डाग अल्कधर्मी साबणाने लाल होतो, तेव्हा घाबरू नये. धुवून घ्यावा आणि ऊन असेल तर गाडी उन्हात ठेवावी, उन्हाने हळद उडते.

वाफेचे यंत्र पुढे घ्याल तेव्हा काही जागा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. छताचे अस्तर पातळ स्पंजावर डिंकाने चिकटवलेले असते, उष्णतेने ते सुटून लोंबते आणि त्याची भरपाई आपल्याच खिशातून होते. टचस्क्रीन, काचेची फिल्म, सीटच्या पाठीतील एअरबॅगची बाजू, सीटखालील पिवळे कनेक्टर या सर्वांपासून वाफ आणि पाणी दोन्ही दूर ठेवावे. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड करणारी हवेची जाळी मागच्या सीटपाशी असते, ती आधी शोधून झाकावी. बॉयलर एकाच टाकीचा असेल, तर तो थंड होऊन दाब उतरेपर्यंत झाकण उघडता येत नाही आणि भरल्या दिवशी हा वेळ खटकतो, म्हणून चालू कामात पाणी भरता येईल असेच यंत्र पाहावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे मचूळ पाणी त्यात घालू नये.

पावसाळ्यात एखाद्या गाडीचा पुढच्या डाव्या बाजूचा कार्पेट ओला आढळला, तर यंत्र लावण्यापूर्वी एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे का, हे पाहावे. कारण दूर केल्याशिवाय कितीही पाणी ओढले तरी ते परत येते, आणि गिऱ्हाईक दोष आपल्या कामाला देतो. काम संपल्यावर गाडी उघड्यावर उभी करून, काचा बंद व हवा आतल्या आत फिरती ठेवून एसी लावावा. एसी हवेतील बाष्प काढतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे कधीही करू नये. जमल्यास एक ब्लोअर, म्हणजे जोराचा वारा घालून वाळवणारा पंखा, घ्यावा. वाफेच्या यंत्राआधी मी तोच घेईन.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याला एक जाड पायपुसणे मागावे, त्यावर मोजून एक लिटर पाणी ओतावे, आणि यंत्राने ते ओढून टाकीतील पाणी पुन्हा मोजावे. हीच परीक्षा दोन-तीन यंत्रांवर करता आली तर उत्तम. जो विक्रेता हे करू देत नाही, किंवा ज्याच्याकडे मोटरचे ब्रश, होस आणि तोंडाचे रबर सुटे मिळत नाहीत, त्याच्याकडून स्वस्तातही घेऊ नये.